सातवं स्टेशन

आज पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसले तर टाकीचं पाणी हाताला गार लागलं. दोह्यात थंडीची चाहूल अशीच लागते. इथं पानं गळायला झाडं कुठली? सहा महिने छपरावरच्या टाकीतलं पाणी हात भाजून काढतं, आणि मग एका पहाटे ते गार होतं. उन्हाळा खलास. शेजारच्या सकीनाभाबींनी भिंतीपलीकडून हाक मारली, "काय गो, पाणी बघितलंस? काढ आता गोधड्या बाहेर!"

गोधड्या काढल्या, अंगणातल्या दोरीवर टाकल्या. त्यांना पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता, आणि त्या वासाबरोबर ओसाकाच्या गाडीचा डबा डोळ्यांपुढे उभा राहिला. तिथंही थंडीचे पहिले दिवस होते. लोकांनी वर्षभर ठेवणीत ठेवलेले लोकरी कोट एकाच आठवड्यात बाहेर काढले होते, आणि सगळा डबा डांबरगोळ्यांच्या वासानं भरून गेला होता. त्या मुलखात मला पहिल्यांदा काही ओळखीचं भेटलं ते हे. मी डोळे मिटून घेतले होते आणि आमच्या घरातली पेटी उघडल्यासारखं वाटलं होतं.

पाच वर्षं झाली त्याला. जैनब तेव्हा सात वर्षांची होती, आता तिला बारा पुरी झाली आहेत. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हिच्या पायाचं काम दोन वेळा करायचं आहे. एकदा आता, आणि एकदा मुलगी बारा वर्षांची झाली की. हाडं भरली की घोटा पक्का करायचा. तेव्हा आणलं नाही तर पाय पुन्हा वळत जाईल, आणि वळलेला मग तसाच राहील. म्हणून यंदाचं गार पाणी हाताला लागलं तेव्हा मी नेहमीसारखी खूश झाले नाही. बादली भरून वाहायला लागली तरी तशीच बसून राहिले.

जैनबचा डावा पाय ती दोन वर्षांची असताना गावी तापात गेला. ताप उतरला, पोर हसायला लागली, पण उभी केली की डावीकडे कलंडायची. मुंबईच्या डॉक्टरांनी पोलिओ असं नाव सांगितलं आणि लोखंडी पट्टीचा बूट दिला. तिची टाच जमिनीला लागत नसे. चवड्यावर चालायची, कोंबडीनं एक पाय उचलून धरावा तशी. शेजारची मुलं तिला तसंच बोलायची. मी ऐकून घरात यायची. कुणाला उलट बोलणं मला कधी जमलंच नाही. माझ्या माहेरी म्हणत, हिला जीभ दिली आहे ती फक्त जेवायला.

आमचे हे दोह्याच्या बाजारात एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, कापडाच्या पेढीवर आहेत. अरबाबाचे वडील मोत्यांचे व्यापारी होते. जपानी लोक शेतात रोपं लावावीत तसे समुद्रात मोती लावायला लागले आणि इथला तो धंदा बसला. म्हातारे शेवटपर्यंत जपानचं नाव तोंडात येऊ देत नसत. मुलगा मात्र जपानचंच कापड विकून वर आला. त्यानं एका हंगामाला माल बघायला ह्यांना ओसाकाला पाठवायचं ठरवलं. ह्यांनी धीर करून विचारलं, तिथं पोरांच्या पायावर चांगला इलाज होतो म्हणतात, बायकोला आणि मुलीला नेऊ का? अरबाब म्हणाला, "यल्ला, घेऊन जा." त्या एका शब्दावर मी मुंबईहून निघालेल्या बोटीत बसले आणि वीस-बावीस दिवस ओकत ओकत जपानला पोचले.

ओसाका केवढं आहे ते मला सांगता येणार नाही. मी त्यातली एकच रेषा पाहिली. आम्ही शहराच्या कडेला एका विधवा बाईच्या घरात माडीवरची खोली घेतली होती. घरासमोरच्या बोळातून गेलं की रेल्वेचं फाटक, फाटकाची घंटा, आणि फाटकाला लागून लहानसं स्टेशन. तिथून जैनबचा दवाखाना सातवं स्टेशन. मोठ्या माणसांना तिथं राहायची परवानगी नव्हती. पोरीला ठेवून घेतली आणि आम्हाला सांगितलं, रोज दुपारी एक ते तीन भेटायला या. ऑपरेशनच्या आधी महिनाभर पाय हळूहळू सरळ करायचा होता, दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून. तो महिनाभर मी रोज त्या गाडीनं गेले. ह्यांना गिरण्यांतून हिंडायचं असे. पहिले दोन दिवस ते सोबत आले, तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात महिन्याचा पास ठेवला आणि म्हणाले, "हा दाखवायचा. कुणाशी बोलायची गरज नाही."

ह्यांनी मला ओळखून केलेली ती सोय होती. साडीवर ह्यांचा जुना लोकरी कोट, डोक्यावरून पदर, त्यावर लोकरीचा मोठा रुमाल, अशी मी स्टेशनात शिरायची. दारातला माणूस तिकिटं टोचायचा चिमटा एकसारखा वाजवत उभा असे. कट-कट, कट-कट. तिकीट समोर नसलं तरी त्याचा हात थांबत नसे, न्हाव्याची कात्री केसांवरून उचलल्यावरही चालू राहते तशी. मी पास पुढं करायची, तो मान लववायचा, मी आत. येताना पुन्हा तसंच. महिनाभर मी त्या गावात एक शब्द न बोलता वावरले आणि मला ते फार बरं वाटलं.

पाट्या मला वाचता येत नव्हत्या. चौथीपर्यंत शिकले ते मराठी, आणि कुराण वाचण्यापुरती अरबी अक्षरं. तिथली अक्षरं म्हणजे गवतावर काड्या पडाव्यात तशी. मग मी स्टेशनं पेरांवर मोजायला लागले. नमाजानंतर तसबीह मोजतो तशीच, अंगठा एकेका पेरावर ठेवत. करंगळीची तीन, तिच्या शेजारच्या बोटाची तीन, आणि मधल्या बोटाचं पहिलं पेर आलं की उतरायचं. माळ हाती नसली तरी माझा अंगठा जन्मात कधी चुकला नव्हता. त्यावर माझा पुरा भरवसा होता.

पुढं पुढं मी स्टेशनांना नावंही ठेवली. दुसरं ते केशरी फळांचं. तिथल्या झाडावर एकही पान नव्हतं, नुसती केशरी फळं लटकलेली, आणि ती कुणी काढत नसे. तिसऱ्याला फलाटामागं घरांच्या कठड्यांवर गाद्या वाळत घातलेल्या असायच्या, ते गाद्यांचं. चौथं शाळेच्या पोरींचं. पाचव्याला सार्वजनिक न्हाणीघराची उंच विटांची चिमणी होती. सहावं नुसतंच सहावं, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. सातव्याच्या आधी एक शेत यायचं, घरांच्या मधोमध राहून गेलेलं, भात कापून धसकटं उरलेलं. ते बघितलं की मी उठून दाराशी उभी राहायची. ती धसकटं अगदी आमच्या गावच्यासारखी. कोकणातल्या बाईला कापलेलं भात कुठंही ओळखू येतं.

दुपारची गाडी रिकामी असे. बायका रंगीत कापडात गाठोडी बांधून मांडीवर घेऊन बसत, म्हातारे डुलक्या घेत आणि आपलं स्टेशन आलं की बरोबर जागे होत. मी पहिल्या डब्यात पुढच्या काचेपाशी बसायची. काचेपलीकडे गाडी चालवणारा. पांढरे हातमोजे, ताठ बसलेला, आणि एकटाच बोलत असलेला. पहिल्या दिवशी मला वाटलं माणूस खुळा आहे. प्रत्येक खांबावरच्या दिव्याकडे तो बोट रोखायचा आणि मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. दिवा हिरवा, बोट, शब्द. पुढं वळण, बोट, शब्द. घड्याळाकडे बोट, शब्द. मागून ऐकायला कुणी नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनी गिरणीतल्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, तो त्यांचा कामाचा नेमच आहे. डोळ्यांनी बघितलेलं मन विसरतं, पण हातानं दाखवलं आणि तोंडानं म्हटलं की चूक होत नाही.

मला ते पटलं. पण म्हणायचं कसं? मी मनातल्या मनातच बोट दाखवायची.

ऑपरेशनचा दिवस ठरला. सकाळी नऊला आत नेणार होते, आणि त्या दिवसापुरती मला सकाळी यायची परवानगी होती. आदल्या दुपारी जैनबनं माझा हात धरला. प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटं गार पडली होती, मी ती चोळत होते. ती म्हणाली, "मला नेतील तेवा तू आसशील ना?"

"आसंन."

"दारापर्यंत?"

"दारापर्यंत हात सोडणार नाय."

त्या रात्री ह्यांना कोबेच्या बंदरावर थांबायचं होतं, अरबाबाचा माल बोटीवर चढत होता. हे म्हणाले, घराच्या मालकीणबाईंना सांगतो, त्या सोबत येतील. मीच नको म्हटलं. म्हटलं, महिना झाला जातेय, मला रस्ता पाठ आहे.

सकाळच्या गाडीनं मी कधीच गेले नव्हते. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे काळे कोट, सगळ्यांच्या तोंडातून वाफ, आणि एवढी माणसं असून आवाज नाही. गाडी आली. मी आपली मागं सरून उभी राहिले, बायका आधी चढतील म्हणून वाट बघत. तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्टेशनच्या माणसानं माझ्या पाठीला दोन्ही हात लावून मला आत लोटली. परक्या पुरुषाचा हात पाठीला लागला म्हणून मी दचकले, तोवर दार बंद. अंगाला अंग चिकटलेलं. माझा उजवा हात कुणाच्या तरी कोटाखाली अडकला होता, पण अंगठा हलत होता. तेवढं पुरे होतं. मी मोजायला लागले.

पहिलं स्टेशन यायला वेळ लागला. मला वाटलं गर्दीत वेळ लांब वाटतो. पहिलं पेर. पुन्हा बराच वेळ. दुसरं पेर. म्हटलं हे केशरी फळांचं. पण माणसांच्या डोक्यांमधून खिडकीचा एक तुकडा दिसत होता, आणि त्या तुकड्यातून न्हाणीघराची चिमणी गेली. मी स्वतःला समजावलं, दुसरी असेल, शहरात चिमण्या काय एक असतात? मग कापलेलं भात दिसलं. ते दुसरं नव्हतं. मी दाराकडे सरकायला लागले. गाडीचा वेग कमी होईना. दवाखान्याचं हिरवं छप्पर, त्याच्या फाटकाशी उभी असलेली पांढरी गाडी, फलाटावर थांबलेली चार माणसं, सगळं डोळ्यांसमोरून सरसर मागं गेलं. माझ्या अंगठ्याखाली दुसरं पेर होतं आणि सातवं स्टेशन निघून चाललं होतं.

सकाळी कामावर जाणाऱ्यांसाठी काही जलद गाड्या आमच्या स्टेशनात थांबतात, मधली स्टेशनं सोडून जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? मी कुणाशी बोललेच नव्हते.

मी ओरडले. "थांबवा! माजी पोर हाय तितं!" मराठीत. डब्यातल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच माना खाली घातल्या. माझी लाज राखावी म्हणून ते बघत नव्हते, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं मी मेले तरी हे लोक वर्तमानपत्रातून डोकं काढणार नाहीत.

पुढल्या थांब्यावर उतरले. फलाटावर टोपी घातलेला पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. नवरा, बाप आणि भाऊ सोडून कुठल्याही पुरुषासमोर मी अशी उभी राहिले नव्हते. पदर खांद्यावर आला होता. मी ज्या बाजूनं आले तिकडे हात ताठ करून बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "तितं. पोरगी. नऊ." त्याच्या घड्याळावर बोट ठेवलं. "नऊ!" मग आठवलं आणि पास त्याच्या हातात कोंबला. पासावर माझं स्टेशन लिहिलेलं होतं. त्यानं वाचलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि तो चक्क पळायला लागला. मी त्याच्यामागं. जिना उतरून, रुळांखालून, पलीकडच्या फलाटावर. तिथं उभ्या असलेल्या गाडीच्या गार्डाला त्यानं काहीतरी सांगितलं. गार्डानं मला आपल्याजवळ उभं केलं आणि सातवं आलं तेव्हा स्वतः खाली उतरून बोटानं दवाखान्याचा रस्ता दाखवला.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. खाट रिकामी होती. उशीला तिच्या डोक्याचा खड्डा तसाच होता. तिथली नर्स, वयानं पोरसवदा, माझ्याकडे आली. भाषा नव्हती, म्हणून तिनं हातांनी सांगितलं. डोळ्यांखाली बोट फिरवून मान हलवली: मुलगी रडली नाही. मग तिनं खाटेवर आडवं पडल्यासारखं केलं आणि मान मागं वळवून दाखवली. अशी. दाराकडे. खाट ढकलत नेताना पोर वळून वळून दाराकडे बघत होती.

एवढं दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

संध्याकाळी जैनबला शुद्ध आली. पाणी मागितलं. मग म्हणाली, "तू नव्हतीस."

"गाडी चुकली गो बाय."

"रोज नाय चुकत." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. पुढं कधी तिनं ही गोष्ट काढली नाही. पण तिथून पुढं तिनं माझ्याकडून कसलाही शब्द मागितला नाही. आजपर्यंत नाही. शाळेत न्यायला येशील का, ईदला हे शिवशील का, असं ती विचारत नाही. होईल ते होईल, अशी गप्प बसते. लोक म्हणतात, किती समजूतदार मुलगी. मला माहीत आहे ती समजूत कुठून आली.

दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंना हाताला धरून फलाटावर नेलं. एक गाडी गेली, मी बोट दाखवलं, खांदे उडवून विचारलं. दुसरी गेली, पुन्हा विचारलं. बाई हुशार होत्या. त्यांनी मला गाडीच्या कपाळावरची पाटी दाखवली. लाल कडेची गोल पाटी म्हणजे थांबत नाही, साधी पाटी म्हणजे सगळीकडे थांबते. ती दोन चित्रं मी ह्यांच्या हिशेबाच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढून घेतली. पुढं दोन महिने आम्ही तिथं होतो. मी रोज त्या काचेपाशी उभी राहिले, आणि पलीकडे तो माणूस बोलायचा तशी अलीकडे मी बोलले. गाडी आली की पाटीकडे बोट: साधी आहे. केशरी फळांचं: दुसरं. चिमणी: पाचवं. लोक बघायचे. बघेनात का. एक म्हातारी तर माझ्याकडे बघून हसली आणि शेताकडे बोट दाखवून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला वाटतं ती म्हणाली असावी, आलं हो तुमचं सातवं.

प्लास्टर काढलं त्या दिवशी जैनबची टाच फरशीला टेकली. पूर्ण. मी फरशीवर कान लावून बसावं तशी वाकून बघत होते.

ती बोट दाखवायची सवय मी इथं घेऊन आले. स्टोव्ह विझवला की त्याच्याकडे बोट करून म्हणते, "विझला." दाराला कडी घातली की, "घातली." सकीनाभाबी श्रीवर्धनकडच्या, तोंडाळ पण जिवाच्या. त्यांचे घरवाले मेसईदला बंदरावर क्रेनवर आहेत. पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जाते, मग दिवसभर भाबींना बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही. माझं बघून त्या पोट धरून हसतात. "तुजं बोट काय विजेचं हाय काय गो? दाखवलंस की स्टोव विजतो? आमच्या घोवाला पन येकदा दाखव, त्याचं घोरणं बंद होतंय का बघू." मी हसते. सोडत मात्र नाही.

पण एवढं बोलणं स्टोव्हशी आणि कडीशी. माणसांशी मी पुन्हा होती तशीच झाले. इथं भाजीची गाडी आली की मी दाराआडून पिशवी पुढं करते. परदेशात एका सकाळी फुटलेला आवाज घरी आल्यावर कुठं गेला, हे मला पुष्कळदा पडलेलं कोडं आहे. गरज नव्हती म्हणून गेला असेल. किंवा असंही असेल की त्या आवाजानं पोरीपर्यंत वेळेवर पोचवलं नाही, म्हणून मीच त्याच्यावर रागावले.

गेल्या वर्षभरात जैनबची उंची वाढली आणि घोटा पुन्हा आत वळायला लागला. ती अरबी शाळेत जाते. मधल्या सुट्टीत मुली अंगणात पळतात, ही भिंतीला टेकून त्यांची दप्तरं सांभाळते. नव्या बुटाची आतली कड दोन महिन्यांत झिजली. मी बूट हातात घेऊन बघत होते तर म्हणाली, "खलास, आई, पुरे. चालतंय." आणि बूट माझ्या हातातून काढून घेतला.

महिन्यापूर्वी हे म्हणाले, "अरबाब म्हणतो, माल आता तारेनं मागवता येतो, माणूस कशाला पाठवू? आणि दुकानात मी एकटाच. या हंगामाला मला सोडायचा नाही. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी ती तेरा वर्षांची. मी महिनाभर बोलले नाही. भीती बोटीची नव्हती, त्या शहराचीही नव्हती. गाडीची पाटी तर मी झोपेतही ओळखीन. भीती ही होती, की मी म्हणेन, मी नेते, आणि जैनब माझ्याकडे बघेल. तेवढंच. नुसती बघेल.

आज दुपारी हे जेवायला आले. कालवणात कोकम जास्त पडलं होतं, तेही ते बोलले नाहीत, म्हणजे मन दुसरीकडेच होतं. जैनब शाळेतून येऊन आतल्या खोलीत दप्तर उघडत होती. मी भाताचं ताट पुढं सारलं आणि म्हटलं, "जैनबला मी नेते."

"कुठं?"

"ओसाकाला."

हे हसले. वाईट हसले नाहीत. "तू? अगो, तू भाजीवाल्याला दाराआडून पिशवी देतेस."

"भाजी नाही मिळाली तर मी डाळ शिजवते. पायाच्या जागी काय शिजवू?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. अठरा वर्षांत मी त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. मग हळू म्हणाले, "मुंबईपर्यंत ठीक आहे, तुझा भाऊ बोटीवर बसवून देईल. पुढं वीस दिवस समुद्र. तिथं उतरून डॉक्टर, कागद, सगळं तुला एकटीला..."

"मालकीणबाई आहेत. आणि मी आहे."

"बरं. इन्शाल्ला, बघू."

इन्शाल्ला कधी होकार असतो आणि कधी नकार, हे या मुलखात राहून मला कळायला लागलं आहे. मी म्हटलं, "इन्शाल्ला म्हणा, आणि पत्र आज लिहा. आता. दुकानात जायच्या आधी."

ह्यांनी हात धुतले. इंग्रजी पत्रांचा कागद काढला, पेन झटकलं. डॉक्टरांच्या नावानं वरची ओळ लिहिली. "काय लिहू?"

"लिहा, मुलगी बारा वर्षांची झाली. लिहा, घोटा वळतोय. लिहा, थंडी संपायच्या आत तिची आई तिला घेऊन येते."

"नुसतं आई लिहून चालत नाही. नाव लागतं."

ह्यांना माझं नाव माहीत आहे, पण त्यांनी ते कधी तोंडानं घेतलेलं नाही. घरात मी अगो, बाहेर जैनबची आई. ते पेन धरून थांबले. मग मीच सांगितलं, "रुकय्या लिहा."

त्यांनी लिहिलं.

तेव्हा माझं लक्ष गेलं. जैनब दाराच्या चौकटीत उभी होती, डावा पाय उजव्याच्या मागं लपवून, नेहमी उभी राहते तशी. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती. मी ज्याला भीत होते तेच ते बघणं. मी नजर खाली घातली नाही. मान वळली तर पुन्हा कधी सरळ होणार नाही असं वाटलं, म्हणून ताठ बसून राहिले.

ती बापाला म्हणाली, "बाबा, आणखी एक लिवा."

"काय गो?"

"लिवा, माज्या आईला आदल्या दिवशीच आत घ्यायचं. रातभर. मी झोपेन तितं ती बसंल. नाय म्हणाले तर मी येणार नाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं कसं लिहायचं? त्यांचा नियम आहे, मोठ्या माणसांना..."

"लिहा," मी म्हणाले. "शब्द तिचेच ठेवा."